चिमणीतला सीओटू विजेवर पकडायचा असेल तर: सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांसाठी पायरी-पायरीने

साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये काम केलेल्या जुन्या माणसाला ऑरसॅट, म्हणजे धुरातले वायू मोजायचं उपकरण, समजावून सांगावा लागत नाही. काचेच्या त्या उपकरणातलं पहिलं भांडं कॉस्टिक पोटॅशचं असतं. फ्लू गॅस, म्हणजे चिमणीचा धूर, त्यातून फिरवला की कार्बन डायऑक्साइड पोटॅशमध्ये शोषला जातो, आणि वायूचं आकारमान जितकं घटलं तितके टक्के सीओटू धरायचा. म्हणजे चिमणीतला सीओटू पकडण्याचं रसायन आपल्या कारखान्यांच्या लॅबमध्ये फार पूर्वीपासून वापरात आहे. अडचण त्याच्या पुढची आहे. पोटॅशची ताकद संपली की तो ओतून द्यायचा आणि ताजा भरायचा. टनावारी सीओटू पकडायचा तर तोच पोटॅश पुन्हा पुन्हा ताजा करता आला पाहिजे. हे ताजं करण्याचं काम वाफेऐवजी विजेने करणं, याला इलेक्ट्रोकेमिकल कार्बन कॅप्चर म्हणतात.

कुपवाड, मिरज, सातारा, कराडच्या एमआयडीसीतले कारखानदार, साखर कारखाने आणि डिस्टिलरीतले केमिस्ट, आणि सांगली-कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट शोधणारी मुलं डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. शेवटी हाताशी काय यावं? टेबलावर मावणारा, एका पाळीत पाच-सहाशे ग्रॅम सीओटू पकडून परत सोडणारा एक संच, आणि तो मोठा करायचा की नाही हे ठरवण्यापुरते खात्रीचे आकडे.

आधी कागदावर: ६०९ चा हिशेब

यंत्राच्या आधी हा हिशेब, कारण बहुतेक कल्पना इथेच गळतात आणि गळायलाही हव्यात.

एक टन सीओटू म्हणजे सुमारे २२,७२७ मोल. एका मोल इलेक्ट्रॉनचा भार ९६,४८५ कूलॉम. एका सीओटूमागे एक इलेक्ट्रॉन खर्च झाला तर एका टनाला सुमारे ६ लाख ९ हजार अँपिअर-तास लागतात. हे कुठल्याही कंपनीचं यंत्र घ्या, बदलत नाही. म्हणून दर व्होल्टमागे दर टनाला ६०९ युनिट. सूत्र असं:

६०९ × दर जोडीचे व्होल्ट × दर सीओटूमागे लागणारे इलेक्ट्रॉन ÷ करंट एफिशियन्सी = दर टनाला युनिट.

इथे जोडी म्हणजे यंत्रातल्या दोन मेम्ब्रेनची (आयन निवडून जाऊ देणाऱ्या पडद्यांची) एक जोडी; अशा जोड्या एकापुढे एक रचून यंत्र बनतं. करंट एफिशियन्सी म्हणजे दिलेल्या करंटपैकी खरोखर कामी आलेला हिस्सा. उदाहरण घेऊ. जोडीमागे २ व्होल्ट, एक इलेक्ट्रॉन आणि करंटचा पूर्ण उपयोग धरला तर १,२१८ युनिट. एफिशियन्सी ८० टक्के असेल तर तेच १,५२२ होतात. त्यात ब्लोअर, पंप आणि कॉम्प्रेसर अजून आलेले नाहीत.

आता ही वीज येते कुठून ते बघा. आपल्या देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास सीओटू बाहेर पडतो. म्हणजे १,२१८ युनिट ग्रिडवरून घेतले तर एक टन पकडताना दुसरीकडे साधारण ८५० किलो सोडला. १,५२२ युनिट घेतले तर पकडला त्यापेक्षा जास्त सोडला. मीटरवर बिल चढलं, चिमणीपाशी समाधान वाटलं, आणि हवेत सीओटू होता त्यापेक्षा वाढला. एवढ्यासाठी ठामपणे सांगतो: ग्रिडच्या विजेवर हा उद्योग करू नये.

सौर छप्पर असेल तर चित्र बदलतं. आपल्याकडे एक किलोवॅटच्या सौर पॅनेलमधून दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात. रोज एक टन पकडायला १,२०० युनिट धरले तर ३०० किलोवॅटचं छप्पर हवं, म्हणजे सुमारे ३,००० चौरस मीटर जागा. एमआयडीसीतल्या मध्यम शेडला हे झेपण्यासारखं आहे. साताऱ्यात वनकुसवडे आणि चाळकेवाडीच्या पठारांवर पवनचक्क्या आहेत, पण त्यांचा जोर पावसाळ्यात असतो आणि उसाचा गळीत हंगाम ऐन थंडीत. साखर कारखान्याने पवनऊर्जेवर भिस्त ठेवण्याआधी महिन्यावार युनिट समोर मांडून बघावेत. वर्षभर धूर सोडणाऱ्या फाउंड्रीला किंवा डेअरीच्या बॉयलरला हा प्रश्न इतका छळत नाही.

कुठला वायू पकडायचा आणि कुठल्याला हात लावायचा नाही

डिस्टिलरीच्या फर्मेंटरमधून निघणारा वायू आधीच ९५ टक्क्यांहून जास्त शुद्ध सीओटू असतो. एक लिटर इथेनॉलमागे सुमारे ७५५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला एक लाख लिटरच्या डिस्टिलरीतून ७५ टन. तिथे इलेक्ट्रोकेमिकल काही लावू नका. पाण्याने धुवा, कोळशाच्या फिल्टरमधून काढा, सुकवा, दाबा, द्रवरूप करा. हे तंत्र जुनं, पक्कं आणि कितीतरी कमी विजेचं आहे. तुमच्याकडे डिस्टिलरी असेल आणि तो वायू आजही हवेत जात असेल, तर पहिला पैसा तिथेच घाला. बाकीचा लेख नंतर वाचला तरी चालेल.

दुसऱ्या टोकाला बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, चालणारा कारखान्याचा मोठा बॉयलर. एक टन उसातून साधारण २८० किलो बगॅस निघतो, आणि अर्धं पाणी असलेला एक किलो बगॅस जळला की सुमारे ०.८६ किलो सीओटू तयार होतो. दिवसाला ५,००० टन गाळप असलेल्या कारखान्यात हा आकडा १,२०० टनांवर जातो. दर टनाला १,२०० युनिट धरले तर सलग ६० मेगावॉट वीज लागेल. त्या कारखान्याची को-जनची (बगॅस जाळून बनवलेली) अख्खी वीज त्यात जाईल आणि तरी कमीच पडेल. म्हणजे चिमणी पूर्ण पकडण्याचं स्वप्न सोडा. तिच्यातून एक बारीक फाटा काढून दिवसाला एक-दोन टनांचा पायलट करणं मात्र अर्थपूर्ण आहे. बगॅसचा कार्बन उसाने हवेतूनच घेतलेला असतो. तो पकडून कायमचा गाडला तर हवेतला सीओटू खरोखर कमी होतो. कोळशाच्या धुराबाबत एवढंच म्हणता येतं की नवा सोडला नाही.

इलेक्ट्रोकेमिकल पद्धतीची खरी जागा मधल्या आकाराच्या धुरात आहे. ८ ते १५ टक्के सीओटू, दिवसाला काही टन, आणि शिल्लक वाफ नाही. अमाइन या सीओटू शोषणाऱ्या रसायनाच्या रूढ पद्धतीत द्रावण १२० अंशांच्या आसपास उकळावं लागतं आणि टनाला ३.५ ते ४ गिगाज्यूल उष्णता जाते. ज्याच्याकडे एक्झॉस्ट स्टीम फुकट जाते आहे त्याने अमाइनचाच विचार करावा. कुपवाडमधल्या दोन टनी बॉयलरवाल्याकडे अशी वाफ कुठून येणार? त्याच्याकडे छप्पर आहे, वीज आहे.

धूर मोजा, नीट मोजा

हातात धरायच्या बऱ्याच फ्लू गॅस ॲनालायझरमध्ये सीओटू मोजलाच जात नाही. यंत्र ऑक्सिजन मोजतं आणि इंधनाचं नाव विचारून सीओटूचा आकडा काढून दाखवतं. इंधनाच्या यादीत चुकून 'डिझेल' निवडलेलं राहिलं आणि भट्टीत बगॅस असला की आकडा भलताच येतो. तुमच्या यंत्रात सीओटूसाठी इन्फ्रारेड सेन्सर आहे का, ते माहितीपुस्तिकेत बघा. नसेल तर लॅबच्या कपाटातला ऑरसॅट बाहेर काढा. पोटॅश ताजा असेल तर आपल्या कामाला तो पुरेसा नेमका आहे.

चार वेगवेगळ्या वेळी नोंद करा: पूर्ण लोडवर, अर्ध्या लोडवर, सूट ब्लोइंगच्या (नळ्यांवरची काजळी झाडण्याच्या) वेळी, आणि बॉयलर नुकताच पेटवल्यावर. सीओटू, ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, सल्फर डायऑक्साइड, तापमान आणि धूळ. बगॅसमध्ये गंधक फारच कमी, ही जमेची बाजू. कोळसा किंवा फर्नेस ऑइल असेल तर सल्फर डायऑक्साइडकडे पहिलं लक्ष द्या. फाउंड्रीच्या क्युपोलात (लोखंड वितळवायच्या भट्टीत) कार्बन मोनॉक्साइड घातक प्रमाणात असतो. तिथे सेन्सर खिशाला लावल्याशिवाय प्लॅटफॉर्मवर चढायचं नाही.

प्रदूषण मंडळाच्या तपासणीसाठी ठेवलेल्या सॅम्पलिंग होलला हात न लावता, आयडी फॅनच्या (धूर चिमणीकडे ओढणाऱ्या पंख्याच्या) पुढे डक्टवर वेगळा अर्धा इंची टॅप काढा.

पद्धत कुठली?

नावं बरीच ऐकू येतात, थोडक्यात सांगतो.

अमाइनमध्ये तांब्याचे आयन सोडून सीओटू बाहेर ढकलायचा आणि मग तांबं परत इलेक्ट्रोडवर बसवून अमाइन मोकळं करायचं, ही एक पद्धत. सुंदर कल्पना, पण तांबं एकसारखं बसत नाही आणि अमाइन ऑक्सिजनने हळूहळू खराब होतं. क्विनोन जातीचे रेणू चार्ज केले की सीओटूला धरतात आणि डिस्चार्ज केले की सोडतात. अमेरिकेतल्या एमआयटीत वोस्कियन आणि हॅटन यांनी २०१९ मध्ये अशा इलेक्ट्रोडची घन स्वरूपातली बॅटरीसारखी रचना मांडली. चार्ज झालेल्या क्विनोनला ऑक्सिजनचा त्रास होतो आणि आपल्या धुरात तो ४ ते ८ टक्के असतो. मोल्टन कार्बोनेट फ्युएल सेल साडेसहाशे अंशांवर चालतो, सीओटू एकवटतो आणि वर वीजही देतो. तो मोठ्या भांडवलाचा खेळ आहे, आणि गंधकाचा अंशही त्याला चालत नाही.

पहिल्या संचासाठी मी चौथी निवडतो: पोटॅशियम कार्बोनेट आणि बायपोलर मेम्ब्रेन. कारणं साधी आहेत. पोटॅशियम कार्बोनेट उडून जात नाही, जळत नाही, ऑक्सिजनने बिघडत नाही, आणि त्याची तपासणी आपल्या प्रत्येक बॉयलर केमिस्टला येते.

काम कसं चालतं ते समजून घ्या. पोटॅशियम कार्बोनेटचं द्रावण धुरातला सीओटू घेऊन बायकार्बोनेट बनतं. हे बायकार्बोनेट स्टॅकमध्ये, म्हणजे मेम्ब्रेनच्या जोड्या रचलेल्या संचात, जातं. बायपोलर मेम्ब्रेन म्हणजे एका बाजूला धन आयन जाऊ देणारा आणि दुसऱ्या बाजूला ऋण आयन जाऊ देणारा असे दोन थर एकमेकांना चिकटवलेले. त्यावर व्होल्टेज दिलं की दोन थरांच्या मध्ये पाणी फुटतं. एकीकडे आम्ल, दुसरीकडे अल्कली. सिद्धांताने याला ०.८३ व्होल्ट पुरतात, प्रत्यक्षात जास्त लागतात. आम्लाच्या कप्प्यात बायकार्बोनेटमधून सीओटू फसफसून सुटतो आणि मोकळा झालेला पोटॅशियम आयन शेजारच्या मेम्ब्रेनमधून अल्कलीच्या कप्प्यात जातो. तिथे पुन्हा कार्बोनेट तयार होतं. दोन्ही कप्प्यांतून निघालेलं द्रावण एकत्र केलं की ते परत धूर शोषायला तयार.

द्रावण

सोडा ॲश स्वस्त मिळतो म्हणून सोडियम वापरायचा मोह होईल. टाळा. खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, पाण्यात २० अंशांना लिटरमागे शंभर ग्रॅमच्या आत विरघळतो. पोटॅशियम बायकार्बोनेट त्याच तापमानाला सव्वातीनशेहून जास्त विरघळतं. सोडियमचं तेवढंच तीव्र द्रावण सीओटू घेता घेता पांढरा गाळ टाकायला लागतं, आणि तो गाळ स्टॅकच्या बारीक वाटांत बसला की दिवस गेला.

२० लिटर डीएम (क्षार काढलेलं) पाणी घ्या. त्यात लिटरमागे १३८ ग्रॅम, म्हणजे एकूण २.७६ किलो पोटॅशियम कार्बोनेट. एका पाळीच्या प्रयोगाला पुरतं. बोअरचं पाणी अजिबात नको. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, आणि त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम अल्कलीच्या कप्प्यात मेम्ब्रेनवर पापुद्रा धरतं. ज्याने आरओचं मेम्ब्रेन स्केल होताना पाहिलंय त्याला हे वेगळं सांगायला नको, फक्त इथलं मेम्ब्रेन कितीतरी महाग असतं.

शोषण स्तंभ

साधारण ७५ मिलिमीटर व्यासाचा पारदर्शक पाइप, दीड मीटर उंच, आत प्लॅस्टिकच्या किंवा काचेच्या रिंगा. खालून धूर, वरून द्रावण. धूर आत घेण्याआधी ४० अंशांखाली गार झाला पाहिजे आणि राख पूर्ण निघाली पाहिजे. टॅपनंतर स्टेनलेसची गुंडाळी पाण्याच्या टाकीत बुडवा, मग पाणी साचण्याची बाटली, मग पाच मायक्रॉनचा कार्ट्रिज फिल्टर. गंधक असेल तर मध्ये खाण्याच्या सोड्याच्या पातळ द्रावणाची एक बाटली.

सल्फर डायऑक्साइड का अडवायचा? तो पोटॅशियमला पक्का धरतो आणि सल्फेट होऊन बसतो. विजेने तो सुटत नाही, आणि दर पाळीला पोटॅशियमचा एवढा-एवढा हिस्सा कामातून जातो. तासगाव-पलूसचे द्राक्ष बागायतदार ०:०:५० म्हणून जे खत घेतात ते हेच पोटॅशियम सल्फेट. पण चिमणीतून आलेलं द्रावण जड धातूंची तपासणी झाल्याशिवाय बागेत नेऊ नका.

पोटॅशियम कार्बोनेट थंड असताना सीओटू सावकाश घेतं, त्यामुळे द्रावण स्तंभातून तासन्‌तास फिरवावं लागेल. वेग वाढवायला ग्लायसीनसारखे पदार्थ घालतात. पहिल्या संचात काही घालू नका. आधी साध्या द्रावणाची वागणूक हाताखालून गेली पाहिजे.

पी आणि एम: सगळ्यात महत्त्वाची तपासणी

द्रावण सीओटूने किती भरलं हे कळणं हा या पद्धतीचा कणा आहे, आणि त्यासाठी नवं उपकरण लागत नाही. बॉयलरच्या पाण्याची पी-अल्कॅलिनिटी आणि एम-अल्कॅलिनिटी काढता ना? तीच. १० मिलिलिटर नमुना पातळ करा, फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग जाईपर्यंत आम्ल घाला, तो पी. मग मिथाइल ऑरेंजचा रंग बदलेपर्यंत एकूण किती आम्ल गेलं, तो एम. कार्बोनेट म्हणजे पीच्या दुप्पट. बायकार्बोनेट म्हणजे एममधून पीची दुप्पट वजा. ताज्या द्रावणात पी हा एमच्या बरोबर निम्मा येतो. द्रावण भरत जातं तसा पी घटतो.

याचा विजेशी थेट संबंध आहे. कोरं कार्बोनेट स्टॅकमध्ये घातलं तर एका सीओटूमागे दोन इलेक्ट्रॉन जातात. निम्मं भरलेलं घातलं तर १.३३. तीन चतुर्थांश भरलेलं घातलं तर १.१४. ६०९ च्या सूत्रात हे आकडे घालून बघा: द्रावण अर्धवट भरलेलं स्टॅकला दिलं की बिल कसं वाढतं ते लगेच दिसतं. म्हणून नियम ठेवा, पी हा एमच्या आठव्या हिश्शावर किंवा खाली आल्याशिवाय स्टॅक सुरू करायचा नाही. तिथे द्रावण तीन चतुर्थांश भरलेलं असतं.

स्टॅक जोडणं

१०० चौरस सेंटिमीटर कामाचं क्षेत्र आणि दहा जोड्या घ्या. एकच जोडी घेतली तर दोन टोकांच्या इलेक्ट्रोडचे तीनेक व्होल्ट सगळे तिच्याच डोक्यावर बसतात आणि आकडे विनाकारण वाईट दिसतात. दहा जोड्यांत तो भार वाटला जातो.

ॲनोडकडून कॅथोडकडे क्रम असा: बायपोलर मेम्ब्रेन, आम्लाचा कप्पा, कॅटायन (फक्त धन आयन जाऊ देणारं) मेम्ब्रेन, अल्कलीचा कप्पा, पुन्हा बायपोलर. बायपोलरची कॅटायन बाजू कॅथोडकडे आणि ॲनायन बाजू ॲनोडकडे तोंड करून हवी. हे उलटं बसलं तर पाणी फुटत नाही, व्होल्टेज फसवं कमी दिसतं आणि सीओटूचा बुडबुडासुद्धा येत नाही. पॅकेटमधून काढतानाच कोपऱ्यावर पेन्सिलने खूण करा. मेम्ब्रेन कायम ओलं ठेवा. एकदा वाळून कडक झालं की त्याला बारीक चिरा जातात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत.

टोकाच्या दोन्ही कप्प्यांत पोटॅशियम सल्फेटचं वेगळं द्रावण फिरवा. तिथे हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात. त्यांच्या नळ्या वेगवेगळ्या, थेट खिडकीबाहेर. खोलीत ठिणगी नको.

नट-बोल्ट टॉर्क रेंचने, कर्णरेषेत, थोडे थोडे आवळा. वीज न देता अर्धा तास नुसतं पाणी फिरवून गळती बघा. दोन्ही बाजूंचा दाब सारखा ठेवा, नाहीतर मेम्ब्रेन एका बाजूला फुगून प्रवाह अडवतं.

चालू करताना

आधी द्रावणाचा प्रवाह, मग वीज. बंद करताना आधी वीज, मग प्रवाह. यात उलटापालट नको. डीसी पुरवठा १ अँपिअरवर सुरू करा आणि दर दहा मिनिटांनी एक-एक वाढवत ५ अँपिअरवर आणा. म्हणजे चौरस सेंटिमीटरला ५० मिलिअँपिअर. व्होल्टेज २० च्या आसपास स्थिरावलं तर संच ठीक चाललाय असं समजा. यात १७ व्होल्ट जोड्यांचे, तीनेक टोकांचे.

५ अँपिअर आणि दहा जोड्यांवर करंटचा पूर्ण उपयोग झाला तर तासाला ८२ ग्रॅम सीओटू निघतो. १०० वॅटला ८२ ग्रॅम म्हणजे टनाला १,२०० युनिटांच्या जरा वर. हा आदर्श आकडा. प्रत्यक्षात ७० ते ८५ टक्के उपयोग झाला तरी सुरुवातीला समाधान माना.

आम्लाचा कप्पा पूर्ण रिकामा करायला जाऊ नका. त्यातलं पोटॅशियम संपत आलं की विजेबरोबर पोटॅशियमऐवजी हायड्रोजन आयनच पलीकडे जायला लागतात आणि करंट वाया जातो. ७०-७५ टक्के बायकार्बोनेट मोडलं की थांबा.

निघालेला सीओटू मोजताना एक स्थानिक गोष्ट लक्षात ठेवा. पुस्तकातला हिशेब समुद्रसपाटीचा असतो: २५ अंशांना ८२ ग्रॅम म्हणजे सुमारे ४६ लिटर. सांगली साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब ९५० मिलिबारच्या आसपास. इथे तोच वायू ४८-४९ लिटर भरतो, आणि साताऱ्यात ५० च्या जवळ जातो. दाबाची दुरुस्ती न करता लिटर मोजले तर एफिशियन्सी फुकटात सहा ते नऊ टक्के चांगली दिसते. खात्री हवी असेल तर वजन करा. सुकवलेला वायू कॉस्टिक पोटॅशच्या तोललेल्या बाटलीत शोषवा आणि वजन किती वाढलं ते बघा.

बिघाड ओळखताना

करंट तेवढाच ठेवला आणि व्होल्टेज झटक्यात वाढलं तर आम्लाच्या कप्प्यात सीओटूचे बुडबुडे अडकलेत. प्रवाह वाढवा, स्टॅक थोडा तिरका करा. मोठ्या संचात यासाठी स्टॅक दाबाखाली चालवतात, म्हणजे वायू आत विरघळलेलाच राहतो आणि बाहेर येऊन सुटतो. व्होल्टेज दिवसागणिक हळूहळू चढत असेल तर अल्कलीच्या बाजूला पापुद्रा धरतोय. वीज बंद करून सौम्य आम्लाने धुवा आणि पाण्याचा कडकपणा तपासा. व्होल्टेज ठीक आणि वायू कमी, तर कुठेतरी मेम्ब्रेनला चीर आहे किंवा द्रावण अर्धवट भरलेलं आलंय. आधी पी आणि एम काढा, मगच स्टॅक खोला. बहुतेक वेळा उत्तर टायट्रेशनमध्येच सापडतं.

जिवाची काळजी

सीओटू हवेपेक्षा जड. तो खड्ड्यात, तळघरात, टाकीच्या तळाशी साचतो. कामाच्या जागी आठ तासांची मर्यादा ५,००० पीपीएम, आणि ४०,००० ला जिवाला तात्काळ धोका. फर्मेंटरवर काम करणाऱ्यांना हे माहीत असतं, पण कॉलेजच्या लॅबमधल्या मुलांना माहीत असेलच असं नाही. अलार्म जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीवर लावा. पोटॅश डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्म्याशिवाय कुणीही खोलीत नको, बघायला आलेले पाहुणेसुद्धा.

पकडलेल्या सीओटूचं काय?

ड्राय आइस, वेल्डिंग, सोडा वॉटर, असे ग्राहक असतात. पण यातला सीओटू काही दिवसांत किंवा महिन्यांत परत हवेत जातो. विक्री म्हणून चांगलं आहे, पर्यावरणाच्या खात्यात त्याची नोंद करू नका. द्राक्षावरच्या भुरीसाठी पोटॅशियम बायकार्बोनेट फवारतात, त्यालाही हेच लागू. पेव्हर ब्लॉकसारख्या सिमेंटच्या वस्तू सीओटूत क्युअर केल्या तर तो चुन्याशी संयोग पावून दगडात राहतो. हा मार्ग जवळचाही आहे, कारण ब्लॉकचे कारखाने आपल्या आसपासच आहेत.

खरा साठा मात्र आपल्या पायाखाली आहे. आपला सगळा टापू डेक्कन ट्रॅपच्या बेसॉल्टवर उभा आहे. आइसलँडमध्ये कार्बफिक्स प्रकल्पाने २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला सीओटू बेसॉल्टमध्ये सोडला, आणि त्यातला ९५ टक्क्यांहून जास्त दोन वर्षांच्या आत कार्बोनेट खनिज झाल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. कराडजवळ कोयना भूकंपाच्या अभ्यासासाठी खोदलेल्या काही खोल विंधनविवरांत बेसॉल्टची जाडी सव्वा किलोमीटरपर्यंत भरली. आपल्याकडे बेसॉल्टमध्ये सीओटू साठवणं अजून अभ्यासाच्या पातळीवर आहे. कोयना परिसरात तर दुप्पट काळजी हवी: ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप तिथलाच, आणि पाण्याच्या दाबाचा त्या भूगर्भाशी असलेला संबंध जगभर अभ्यासला गेला आहे. सांगली-साताऱ्यातल्या तरुण भूशास्त्रज्ञांनी हा विषय हातात घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

मोठं करण्याआधी

दिवसाला एक टनासाठी, याच करंट घनतेवर संच चोवीस तास चालवला तर, प्रत्येक प्रकारचं सुमारे ५१ चौरस मीटर मेम्ब्रेन लागतं, तेही करंटचा पूर्ण उपयोग धरून. एफिशियन्सी ८० टक्के असेल तर ६४ चौरस मीटर. मेम्ब्रेनच्या कोटेशनला हाच आकडा लावा, आणि ते किती तास टिकतं हे पुरवठादाराकडून लेखी घ्या, तुमच्या धुराचं विश्लेषण त्याला देऊन.

कायमचा संच बसवायचा असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात बदल करून घ्यावा लागतो. सीओटू सिलिंडरमध्ये भरायचा असेल तर गॅस सिलिंडर नियम २०१६ खाली परवाना. केंद्राने २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजना अधिसूचित केली आहे, पण क्रेडिटचं उत्पन्न धरून प्रकल्प अहवाल रंगवू नका. ते शून्य धरून जो प्रकल्प तग धरतो तोच बँकेपुढे ठेवा.

छोटा संच आधी एका पूर्ण महिन्याच्या पाळ्यांत चालवा, खऱ्या धुरावर, सूट ब्लोइंगसकट. रोजच्या नोंदवहीत चारच रकाने पुरेत: पी व एम, जोडीमागे व्होल्ट, वजनाने मोजलेला सीओटू, आणि पंप-ब्लोअर धरून एकूण युनिट. महिन्याअखेर दर टनाचे युनिट आणि ती वीज कुठून आली हे एका कागदावर मांडा. तो कागद घेऊन चीफ इंजिनिअर, चीफ केमिस्ट आणि अकाउंट्सचा माणूस अशा तिघांना एकत्र बसवा, आणि त्यानंतरच मोठ्या स्टॅकचं कोटेशन मागवा.